ज्या पानावर चित्र नाही

युजर मॅन्युअल कुणी वाचत नाही, ही आमच्या धंद्यातली लाडकी तक्रार आहे. मला ती पटत नाही. मॅन्युअल वाचलं जातं. फक्त आपण लिहिलेल्या क्रमानं नाही आणि आपल्याला वाटतं तेव्हा नाही. सगळं सुरळीत चाललेलं असताना 'लॉगिन कसे करावे' हे प्रकरण उघडून बसायला कल्याण-डोंबिवलीत तरी कुणाला वेळ नसतो. पण स्क्रीनवर काहीतरी भलतंच उमटतं, खिडकीबाहेर रांग खोळंबलेली असते, साहेब जेवायला गेलेले असतात, तेव्हा कपाटावरची ती स्पायरल बाइंडिंगची जाडजूड वही खाली उतरते, तिची धूळ झटकली जाते आणि नेमकं ते पान शोधलं जातं. त्या पानावर बहुतेक वेळा चित्र नसतं.

लॉगिनचं चित्र असतं. मुख्य मेनूचं असतं. 'सेव्ह' बटणाभोवती लाल चौकोन काढलेलं असतं. 'आपली माहिती यशस्वीरीत्या जतन झाली आहे' या हिरव्या पट्टीचं तर हमखास, पान भरून. भलतं जे काही उमटलं त्याच्या वाट्याला मात्र एक ओळ येते: त्रुटी आढळल्यास सिस्टीम अ‍ॅडमिनिस्ट्रेटरशी संपर्क साधावा. वाचणाऱ्याला वाटतं, लिहिणाऱ्यानं आळस केला. तसं नसतं. ते चित्र हाती लागलेलं नसतं. मॅन्युअलची जाडी विषयाच्या गरजेनुसार ठरत नाही, कुठली स्क्रीन सहज पकडता आली त्यावर ठरते, असं माझं इतक्या वर्षांचं निरीक्षण आहे.

मी राहते डोंबिवलीत, ऑफिस ठाण्याला वागळे इस्टेटमध्ये. जिथे पूर्वी लेथ आणि मिलिंगची मशिनं चालायची त्या गाळ्यांच्या जागी उभ्या राहिलेल्या काचेच्या इमारतींपैकी एकीत. नातेवाइकांत 'कॉम्प्युटरची पुस्तकं लिहिते' अशी ओळख आहे आणि ती काही अगदीच खोटी नाही. लिहिणं हा त्यातला सोपा भाग. वेळ जातो तो चित्रं मिळवण्यात.

की-बोर्डवर उजवीकडे वरच्या अंगाला 'प्रिंट स्क्रीन' नावाचं बटण असतं. १९८१ साली आयबीएमचा पीसी आला तेव्हा ते शिफ्टसह दाबलं की स्क्रीनवरची अक्षरं खरोखरच प्रिंटरवर उतरायची, खडखडाट करत, ओळीमागून ओळ. विंडोजमध्ये नाव तेच राहिलं आणि काम बदललं: चित्र निघू लागलं आणि मेमरीत जाऊन बसू लागलं, कुठेतरी चिकटवेपर्यंत. नव्या मुलांना वाटतं, एवढंच तर आहे. मग ती उघडलेला मेनू पकडायला जातात. फक्त चालू विंडो हवी म्हणून बटणाबरोबर ऑल्ट दाबतात, आणि ऑल्टला बोट लागताक्षणी मेनू मिटतो. माउस नेल्यावर उमटणारी ती छोटीशी टूलटिपची चिठ्ठी थोडा वेळ थांबते आणि आपण सरसावून बसलो की निघून जाते. माउसचा बाण डोळ्यांना दिसतो, चित्रात येत नाही. कारण बहुतेक वेळा तो मूळ चित्राचा भाग नसतोच, ग्राफिक्स कार्ड तो वरून वेगळा काढतं. म्हणून मॅन्युअलमधले पुष्कळसे बाण नंतर हाताने चिकटवलेले असतात. नीट पाहिलंत तर ओळखू येतात: जरा जास्तच मोठे, आणि बटणाच्या अगदी मधोमध. खऱ्या माणसाचा बाण बटणाच्या कडेवर कुठेतरी लटकलेला असतो.

या सगळ्यांवर उपाय आहेत. थोड्या उशिराने आपोआप फोटो काढणारी साधनं आहेत, ब्राउझरमध्ये पानाचं चालणं मध्येच गोठवून ठेवायची सोय आहे. ते सगळं शिकवता येतं आणि आठवड्याभरात येतं. त्यावर मी जास्त लिहीत नाही.

पण एका जुन्या फजितीबद्दल लिहिल्याशिवाय राहवत नाही, कारण तिच्याइतकी गंमत नंतर कधी आली नाही. विंडोज एक्सपीच्या काळात ट्रेनिंगच्या मॅन्युअलसाठी व्हिडिओ प्लेअरची चित्रं लागायची. व्हिडिओ चालू असताना स्क्रीन पकडायची, पेंटमध्ये चिकटवायची, आणि बघायचं तर चित्रातसुद्धा व्हिडिओ चालू! माणसं हलताहेत, तोंडं हलताहेत. मशीनला काय झालं म्हणून फाइल सेव्ह करून प्लेअर बंद केला की चित्रातल्या त्या जागी काळा चौकोन. झालेलं असायचं ते असं. वेग साधण्यासाठी प्लेअर स्वतः व्हिडिओ रंगवतच नसे. तो आपल्या खिडकीत एक ठरावीक, जवळजवळ काळा रंग भरून ठेवायचा, आणि ग्राफिक्स कार्डाला सांगितलेलं असायचं की या भागात हा रंग जिथे दिसेल तिथे व्हिडिओ दाखव. आपण पकडलेल्या चित्रात तो काळा रंगच आलेला असायचा. पेंटची विंडो प्लेअरवर त्याच जागी आली की कार्डाला तोच रंग दिसायचा आणि ते इमानेइतबारे तिथे व्हिडिओ दाखवायचं. म्हणजे आपण पकडलं होतं एक भोक, आणि त्या भोकातून पलीकडचं दिसत होतं. सेटिंगमध्ये जाऊन हार्डवेअरची ही मदत बंद केली की सुटायचं. त्या काळातल्या कितीतरी पुस्तकांत प्लेअरच्या जागी काळे चौकोन तसेच छापले गेलेत.

काही स्क्रीन मात्र मुद्दामच हाती लागू नयेत अशा बांधलेल्या असतात, आणि तिथे तक्रार करायला जागा नाही. कंट्रोल-ऑल्ट-डिलीट दाबल्यावर येणारी विंडोजची स्क्रीन घ्या, किंवा व्हिस्टापासून सुरू झालेली, 'हा प्रोग्राम बदल करू पाहतोय, परवानगी देता का' असं विचारत बाकी सगळं अंधारवणारी चौकट घ्या. त्या वेळी विंडोज एक वेगळाच डेस्कटॉप पुढे करते आणि इतर कुठल्याही प्रोग्रामला तिथे डोकावू देत नाही. पासवर्ड चोरणारा प्रोग्राम आणि मॅन्युअल लिहिणारी बाई यांच्यात तिला फरक करता येत नाही. करताही येऊ नये. मशीन सुरू होतानाची बायॉसची स्क्रीन तर विंडोजच्याही आधीची, तेव्हा पकडणारं कुणी जागंच झालेलं नसतं. पूर्वी यासाठी कॅमेरा आणि तिवई लागायची. जुन्या मॉनिटरचं चित्र सेकंदाला साठ-एक वेळा वरून खाली रंगवलं जायचं. शटर त्याहून झटपट मिटलं की फोटोत काळा पट्टा. म्हणून खोलीतले दिवे मालवायचे, मॉनिटरवर काळं कापड धरायचं, शटर सेकंदाच्या आठव्या हिश्शाइतकं उघडं ठेवायचं आणि श्वास रोखायचा. आता व्हीएमवेअर किंवा व्हर्च्युअलबॉक्समध्ये मशीनच्या पोटात दुसरं मशीन चालवता येतं, आणि आतलं मशीन झोपेतून उठत असताना बाहेरून निवांत त्याचा फोटो काढता येतो. या एका सोयीनं आमचा निम्मा वनवास संपवला.

मराठी स्क्रीनची कथा थोडी वेगळी. दोन हजारच्या आसपास डीटीपीची मराठी ज्या फॉन्टांत चालायची, त्यांची अक्षरं आतून इंग्रजी चिन्हांच्या जागांवर बसवलेली असायची. ज्या मशीनवर तो फॉन्ट नाही तिथे फाइल उघडली की शुद्ध मराठी परिपत्रकाच्या जागी स्वल्पविराम, डॉलर आणि कंस यांची भेळ. विंडोज २००० मध्ये 'मंगल' फॉन्ट आला, आयआयटी मुंबईत अध्यापन केलेल्या र. कृ. जोशी यांनी घडवलेला, पण देवनागरी चालू करायला कंट्रोल पॅनेलमध्ये जाऊन एक खूण करावी लागायची आणि मग मशीन विंडोजची सीडी मागायचं. ती सीडी कुठल्याही ऑफिसात जागेवर नसायची. त्या दिवसांत आमच्याकडे मराठीचा मजकूर एका मशीनवरून दुसरीकडे शाबूत न्यायचा खात्रीचा मार्ग एकच होता: त्याचं चित्र काढायचं. बाकीच्यांना मजकुराच्या जोडीला चित्र लागत होतं, आम्हाला मजकूरच चित्र करून पाठवावा लागत होता. जोडाक्षर मोडणार नाही, वेलांटी उडणार नाही. फक्त त्यातला एक शब्द बदलायचा म्हटलं की पुन्हा पहिल्यापासून.

महाराष्ट्रातल्या एका अख्ख्या पिढीनं कॉम्प्युटर शिकला तो चित्रांवरून. २००१ साली स्थापन झालेल्या एमकेसीएलचा एमएस-सीआयटी कोर्स लाखोंनी केला. डोंबिवलीत एखादा जिना चढलात आणि वर एमएस-सीआयटीचा क्लास नाही असं क्वचितच व्हायचं. कल्याण-डोंबिवली महापालिकेनं त्याच सुमारास आपला कारभार संगणकावर नेला, नागरी सुविधा केंद्र उघडलं, आणि ती पद्धत पुढे राज्यातल्या इतर पालिकांसाठी नमुना ठरली. एवढी माणसं रजिस्टर मिटून स्क्रीनसमोर बसली ती जादूनं बसली नाहीत. कुणीतरी त्यांच्यासाठी पान-पान चित्रं काढली, बाण चिकटवले, 'येथे क्लिक करा' लिहिलं. बहुतेक ठिकाणी ती वही झेरॉक्स होऊन फिरली. लाल चौकोन तिसऱ्या झेरॉक्समध्ये करडा होतो आणि मागच्या करड्या बटणात विरघळून जातो. तेव्हापासून मी चौकोनाला जाड काळी कड देते.

पवईत आयआयटी मुंबईमध्ये प्रा. कन्नन मौद्गल्य यांच्या पुढाकारानं उभ्या राहिलेल्या 'स्पोकन ट्युटोरियल' प्रकल्पाची पद्धत मला या सगळ्यांत शहाणी वाटते. तिथे स्क्रीनचा हलता व्हिडिओ असतो, दहा मिनिटांच्या आसपासचा, आणि आवाज मराठीसह अनेक भारतीय भाषांत. रेकॉर्डिंगच्या आधी संहिता लिहितात, ती दोन रकान्यांची: डावीकडे स्क्रीनवर काय दिसेल, उजवीकडे काय बोललं जाईल. आणि ती संहिता आधी एखाद्या अनोळखी, नवशिक्याच्या हाती देतात. त्याला केवळ वाचून ते जमलं तरच पुढे रेकॉर्डिंग. डावा रकाना भरताना माणसाला कळतं की आपण बोलतोय त्यातलं निम्मं स्क्रीनवर दिसतच नाही. मी ही पद्धत उचलली. डावा रकाना रिकामा राहिला की त्या ओळीला पिवळा रंग मारते. पहिल्या खर्ड्यात बरंच पिवळं असतं, आणि ते सगळं अडचणींच्या प्रकरणात असतं.

स्टेशनवरची स्क्रीन ही आणखी एक जात. तिला की-बोर्ड नाही, तिच्यात शिरायचा मार्ग नाही, तिचा बाहेरूनच फोटो घ्यायचा. इंडिकेटरचा मोबाइलवर फोटो काढून बघा: डोळ्याला सरळ 'कल्याण' दिसत असतं, फोटोत मात्र अक्षराचं डोकं गायब, कारण दिव्यांच्या ओळी आळीपाळीनं पेटतात आणि कॅमेऱ्याला त्यातली एखादीच खेप सापडते. एटीव्हीएमच्या, म्हणजे तिकिटाच्या मशीनच्या, स्क्रीनचा फोटो काढला तर त्यावर इंद्रधनुष्यी लाटा उठतात. स्क्रीनच्या ठिपक्यांची जाळी आणि कॅमेऱ्याच्या ठिपक्यांची जाळी एकमेकींवर चढली की असं होतं. कॅमेरा थोडा तिरका धरला की लाटा कमी होतात, पण मग चौकोनी बटणं कलंडतात. शिवाय काचेत आपणच दिसतो, मागे चिडलेली रांग.

त्या मशीनशेजारी तिकीट काढून देणारे मदतनीस असतात, बरेचसे रेल्वेतून निवृत्त झालेले. 'दोन ठाणे रिटर्न' म्हणावं तर पुढची स्क्रीन पुरती उमटायच्या आत त्यांचं बोट पुढच्या बटणाच्या जागी पोचलेलं असतं. त्यातल्या एका काकांना मी विचारलं, "काका, तुम्ही आधी स्टेशन निवडता की आधी परतीचं?" ते थांबले. हवेत बोट नाचवून पाहिलं आणि म्हणाले, "ते असं सांगता नाही यायचं ताई, तुम्ही तिकीट सांगा, मी काढून दाखवतो." खरं होतं. ज्याला पुरतं येतं त्याला स्क्रीन दिसत नाही. म्हणून सॉफ्टवेअर बनवणाऱ्याकडून चित्रांची यादी मागवू नये. त्याच्या यादीत त्याला सवयीची झालेली स्क्रीन हमखास गळते आणि अडचणीची तर नसतेच.

अडचणीची स्क्रीन का नसते, हे मला लख्ख कळलं ते डोंबिवली एमआयडीसीतल्या एका केमिकल प्लांटमध्ये. रिअ‍ॅक्टरच्या कंट्रोल पॅनेलचं ऑपरेटरसाठी मॅन्युअल करायचं होतं. बॅच सुरू करणं, थांबवणं, रिपोर्ट काढणं, ही सगळी चित्रं मिळाली. राहिला तो अलार्म. तापमान वाढलं की स्क्रीन कशी दिसते? तिचा फोटो काढायचा तर तापमान वाढायला हवं, आणि ते वाढू नये म्हणून तर तिथली सगळी माणसं पगार घेतात. २०१६ च्या मे महिन्यात आणि पुन्हा २०२४ च्या मे महिन्यात याच एमआयडीसीत स्फोट झाले, माणसं गेली, लांबलांबच्या इमारतींच्या काचा फुटल्या. इथे राहणाऱ्या कुणालाही 'रिअ‍ॅक्टरचं तापमान' हा शब्दप्रयोग मॅन्युअलपुरता वाटत नाही. आणि तरीही पूर्वीच्या मॅन्युअलमध्ये त्या प्रकरणात चित्र नव्हतं. एक तक्ता होता, बारीक टायपातला.

प्लांटमध्ये मोबाइल गेटवरच जमा करावा लागतो. कॅमेरासुद्धा परमिटशिवाय आत जात नाही, कारण ज्वालाग्राही वाफ असलेल्या जागी कुठलंही साधं इलेक्ट्रिक उपकरण म्हणजे ठिणगीची शक्यता. त्यामुळे शटडाउनच्या दिवसाची वाट पाहावी लागली. रिअ‍ॅक्टर रिकामा, धुतलेला. इन्स्ट्रुमेंट विभागातले एक जुने फिटर काका आले, हातात करड्या रंगाचा, गोल खटके असलेला डबा घेऊन. रिअ‍ॅक्टरमधलं तापमान मोजतो तो पीटी-हंड्रेड नावाचा सेन्सर म्हणजे मुळात प्लॅटिनमची बारीक तार. शून्य अंशाला तिचा विद्युतरोध बरोबर १०० ओहम. तापेल तसा तो वाढतो, शंभर अंशाला १३८.५ होतो. पॅनेलला तापमान कळतच नाही, त्याला फक्त ओहम कळतात. काकांनी वर जाऊन सेन्सरच्या वायरी सोडवल्या आणि त्या जागी आपला डबा जोडायला घेतला. आता खटका फिरवला की पॅनेलला वाटणार, आत काहीतरी शिजतंय.

तेवढ्यात खाली कंट्रोल रूममध्ये स्क्रीन लाल झाली. हूटर वाजला. तापमानाच्या जागी भलताच मोठा आकडा, पट्टी थेट टोकाला, वाफेचा व्हॉल्व्ह बंद झाल्याची खूण. काकांनी अजून खटक्याला हातही लावला नव्हता. वायर नुसती सुटली होती. सुटलेल्या वायरीचा रोध अमर्याद, आणि अशा वेळी घात होण्यापेक्षा बॅच थांबलेली बरी म्हणून पॅनेल तो आकडा वरच्या टोकाला नेऊन ठेवतं. माझ्या यादीत हे चित्र नव्हतं. कुणाच्याच यादीत नव्हतं. मी फोटो घेत सुटले. काका खाली आल्यावर म्हणाले, "मॅडम, हे घ्याच. रात्रपाळीला हेच जास्त होतं. वायर ढिली होते आणि पोरं घाबरतात. तापमान खरोखर वाढतं तेव्हा आकडा चढताना दिसतो, वायर तुटली की एकदम उडी मारतो. पण नवीन पोराला कसं कळणार? लाल तर दोन्ही वेळेला होतं."

नंतर ठरलेलं काम झालं. काका खटके फिरवत गेले, दीडशे अंशासाठी १५७.३, एकशे साठसाठी १६१. आधी पिवळी सूचना, मग लाल, हूटर. लाल अक्षरं लुकलुकत होती, त्यामुळे अर्धे फोटो अक्षरांशिवाय आले. 'अ‍ॅक्नॉलेज' दाबलं की लुकलुकणं थांबतं, फोटो छान येतो. पण ऑपरेटरला पहिल्यांदा दिसते ती लुकलुकणारी स्क्रीन, स्थिर झालेली नाही. छापील पानावर लुकलुकणं दाखवायची सोय नाही. शेवटी एकाखाली एक तीन चित्रं दिली: उडी मारलेला आकडा, चढत गेलेला आकडा, आणि बटण दाबल्यानंतरची स्थिर स्क्रीन. प्रत्येकाखाली एकच ओळ, काकांच्या शब्दांत.

त्या मॅन्युअलनंतर मी बाकीच्या कामांकडेही वेगळ्या डोळ्यांनी बघायला लागले. एखादी एरर मिळवायची तर ती घडवावी लागते. नेटची वायर मुद्दाम उपटायची, तारीख चुकीची टाकायची, एकाच घराची घरपट्टी दोन खिडक्यांवरून एकदम भरायची. टेस्टिंगच्या मुलांना हे रोजचं असतं. म्हणून आता मी डेव्हलपरपेक्षा त्यांच्याशी जास्त दोस्ती ठेवते. पण मुलंही घडवू शकत नाहीत अशा स्क्रीन उरतातच, आणि त्यांचा साठा मला सापडला तो सपोर्टच्या फोनवर. ग्राहकांनी व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेले फोटो! 'हे काय आलंय बघा' एवढ्याच मजकुरासह. तिरके, लाटा उठलेले, वर ट्यूबलाइटचं प्रतिबिंब, खाली चहाचा कप, मॉनिटरच्या कडेला पासवर्डची चिकटवलेली चिठ्ठी, कोपऱ्यात अर्धा अंगठा. स्क्रीनशॉट घेता येत नाही म्हणून मोबाइलने काढलेले. आमच्या नेटक्या चित्रांपेक्षा त्यांत माहिती जास्त. टास्कबारमध्ये एकच प्रोग्राम तीनदा उघडलेला दिसतो. घड्याळात दुपारचे एक वाजून पन्नास मिनिटं दिसतात, म्हणजे खिडकी बंद व्हायची वेळ. बिघाड कुठे झाला हे बऱ्याचदा एररच्या चौकटीत नसून तिच्या आजूबाजूला असतं.

ते फोटो तसेच छापता येत नाहीत. त्यांत खरी नावं असतात, आधार क्रमांक असतात, थकबाकीचे आकडे असतात. त्यावर धुरकट पट्टा ओढून भागत नाही. असा धूर मागे फिरवून आकडे ओळखता येतात. नुसतं कापूनही निर्धास्त होता येत नाही. २०२३ मध्ये उघडकीला आलं की गुगलच्या पिक्सेल फोनवर आणि विंडोजच्या स्निपिंग टूलमध्ये कापून पुन्हा सेव्ह केलेल्या चित्रांच्या फाइलीत कापलेला भाग शिल्लक राहत होता, आणि तो परत काढता येत होता. म्हणून मी फोटो समोर ठेवून तीच परिस्थिती खोट्या माहितीनं पुन्हा उभी करते आणि नवं चित्र घेते. मालमत्ताधारकाचं नाव कखग पाटील, पत्ता मानपाडा रोड. एका वॉर्डात मावणार नाहीत इतके कखग पाटील मी आजवर कल्याण-डोंबिवलीत वसवलेत.

खरी माहिती झाकायचा हाच प्रश्न आईच्या फोनवर आला तेव्हा उत्तर वेगळं निघालं. तिच्या ज्येष्ठ नागरिक मंडळात बँकेचं अ‍ॅप कसं वापरायचं त्याची पत्रकं वाटायची ठरली, आणि लेक तयारच होती घरात. अ‍ॅप उघडलं, दोन बटणं दाबली, तर फोन म्हणाला की सुरक्षा धोरणामुळे स्क्रीनशॉट घेता येणार नाही. अँड्रॉइडमध्ये अ‍ॅप बनवणाऱ्याला अशी खूण करता येते. मग स्क्रीनशॉटही नाही आणि दुसऱ्याला स्क्रीन दाखवली तर तिथेही काळोख. हा काळोख योग्यच आहे. समोरच्याच्या फोनमध्ये एनीडेस्कसारखं अ‍ॅप टाकायला लावून खाती रिकामी करणाऱ्यांबद्दल रिझर्व्ह बँकेनं २०१९ च्या फेब्रुवारीतच इशारा दिला होता, आणि अशा फोनवर भुलणाऱ्यांत आईच्या वयाची माणसंही असतात. दुसऱ्या मोबाइलने फोटो काढता आला असता. मी तो काढला नाही. कागद घेतला, आयत काढले, ज्या बटणाला हात लावायचा तेवढंच काळं केलं, आणि ज्याला कधीच लावायचा नाही त्यावर फुली मारली. आईनं चष्मा लावून पाहिलं आणि विचारलं, "यात माझी शिल्लक कुठे दिसते?" ती दाखवली नव्हती म्हणूनच पत्रक मंडळात वाटता येत होतं, पण तिच्या दृष्टीनं अ‍ॅपमध्ये बघण्यासारखं तेवढंच होतं. शिल्लक म्हणून एक आकडा टाकला. तो फार कमी आहे यावर मंडळात चर्चा झाल्याचं नंतर कळलं.

अलीकडे एका क्लायंटशी माझी बराच काळ बोलाचाली चालली. त्यांच्या सॉफ्टवेअरचं मॅन्युअल मी एररपासून सुरू केलं होतं. पहिलंच प्रकरण: स्क्रीनवर हे दिसलं तर काय करायचं. सतरा चित्रं, सगळी सपोर्टच्या फोनवरून शोधून पुन्हा घडवलेली. लॉगिन आणि मेनू मागे. त्यांना ते अजिबात रुचलं नाही. "मॅडम, पुस्तक उघडलं की आधी बिघाडच दिसतो हो. आमचं सॉफ्टवेअर बिघडतंच असं वाटेल." मी म्हटलं, पुस्तक उघडतं कोण आणि कधी, ते बघा. ते म्हणाले, टेंडरची समिती उघडते, आणि ती पहिलीच पानं बघते. याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. टेंडर मिळालं नाही तर एररही येणार नाहीत. प्रकरण परिशिष्टात गेलं, अगदी शेवटी, पण चित्रांसकट. पुढच्या आवृत्तीच्या वेळी त्यांचाच फोन आला. खिडकीवरचे लोक परिशिष्टच मागतात, पुस्तक नको म्हणतात. तेवढंच वेगळं छापून देता येईल का?

देता येईल, म्हटलं.

"फक्त चित्रांतला तो लाल रंग जरा फिका करा," ते म्हणाले.

ते पैसे वाचवायला काळ्या-पांढऱ्यातच छापणार होते. मी बरं म्हटलं.